हजेरी ५८ टक्के, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. स्कॉलरशिप आणि स्वाधार जाणार का?

धायरीची मावशी
माझा भाचा इंजिनिअरिंग सेकंड इयरला आहे, कॉलेज आंबेगावच्या बाजूला, गाव परभणी जिल्ह्यातलं. एससी कॅटेगरी, पोस्ट मॅट्रिक म्हणजे दहावीनंतरची सरकारी स्कॉलरशिप आहे आणि सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून स्वाधार, म्हणजे राहण्या-जेवणाचे सरकारी पैसे, ते पण आहे. नऱ्ह्यात कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेच्या भाड्याने राहतो. झालंय असं की स्वाधारचे पैसे लांबले, मेसवाला काही थांबत नाही, म्हणून ह्याने दिवाळीनंतर रात्रीचं पार्सल सॉर्टिंगचं काम धरलं. रात्री दोनला रूमवर येणार तो सकाळचं लेक्चर कसलं गाठतोय. आता डिपार्टमेंटच्या बोर्डवर डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी लागलीय त्यात नाव, ५८ टक्के. तो म्हणतो मावशी काही होत नाही, अर्ध्या वर्गाचं नाव आहे, अंडरटेकिंग म्हणजे लेखी हमी दिली की झालं. ताईला अजून सांगितलं नाहीये, बीपी आहे तिला. खरंच काही होत नाही का? आणि आधी मिळालेले पैसे परत मागतात का? कॉलेजच्या खिडकीवर विचारलं तर "पोर्टलवर बघा" एवढंच.

खिडकीच्या आतला
मी पण खिडकीच्या आत बसणाराच, पण दुसऱ्या कॉलेजात. मावशी, पोस्ट मॅट्रिकला ७५ टक्के हजेरी लागते, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्कीमच्या माहितीतच लिहिलंय, स्वाधारला पण तेच. पण हजेरी ५८ दिसली की दुसऱ्या दिवशी पैसे बंद असं काही होत नाही. खरा घोळ टर्मपासून सुरू होतो. टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे कॉलेजने टर्म पूर्ण धरली नाही, तर परीक्षेला बसता येत नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की त्याच वर्गाला दुसऱ्यांदा स्कॉलरशिप नाही, पुढच्या वर्गात गेल्यावरच परत सुरू. मधल्या वर्षाची फी कोण भरणार, तर घरचे. पोरं ५८ आणि ७५ मधला फरक मोजत बसतात आणि ही साखळी कुणाच्या डोक्यातच नसते.
मागचं वर्ष पास होऊन गेलंय त्याचे पैसे हजेरीवरून परत मागितलेले मी तरी बघितले नाहीत. मात्र वर्षाच्या मधेच शिक्षण सोडलं तर त्या वर्षाची रक्कम वसूल करता येते, तो नियम आहे.

पेठेतला परीक्षार्थी
अंडरटेकिंगने होतं हो बऱ्याचदा. आमच्या वेळेला एचओडी म्हणजे विभागप्रमुख पालकांना बोलवायचे, चार शब्द ऐकवायचे, एक्स्ट्रा असाइनमेंट द्यायचे आणि सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खा मजला जागा, जर्नल उतरवून काढायचं, सकाळी सह्यांची लाईन. पण ते सरांच्या मर्जीवर आहे, हक्क नाहीये. त्याच्यावर ६० हजार लावू नका.

धायरीची मावशी
६० हजार म्हणजे स्वाधारचेच ना? तेवढे सगळे मिळतात का, ह्याने मला कधी नीट आकडा सांगितलाच नाही.

खिडकीच्या आतला
हो, पुण्यासाठी वर्षाला ६०,०००. जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाह भत्ता ८,०००. इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांना साहित्याचे वेगळे ५,०००. पैसे येतात हप्त्यांनी आणि उशिरा, तिथे पोराची चूक नाही, घरमालक आणि मेसवाल्याला कुठे सरकारचा हप्ता कळतो.
पण मावशी, तुमच्या पोस्टमध्ये हजेरीपेक्षा मला दुसरीच गोष्ट खटकली, ते रात्रीचं काम. स्वाधारच्या अटींमध्ये आहे की विद्यार्थी नोकरी-व्यवसाय करताना आढळला किंवा माहिती खोटी निघाली तर लाभ रद्द, आणि दिलेली रक्कम १२ टक्के व्याजाने वसूल. अर्जाबरोबर दिलेलं हमीपत्र त्याला परत वाचायला सांगा. पोरगं म्हणेल पार्टटाईम आहे, पण पगार बँकेत जमा होत असेल आणि खातं तेच आधार लिंकवालं असेल तर एंट्र्या समोरच दिसतात.

कर्वेनगर ०९
मी मराठा, शाहू महाराज शिष्यवृत्तीवाला म्हणजे ते ईबीसी, आर्थिक मागासवाली, मला पण हे सगळं लागू का? माझं ६६ आहे.

खिडकीच्या आतला
तुझी स्कीम वेगळी, उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि ट्यूशन फीच्या निम्मी. त्यात दोन्ही सेमिस्टरच्या परीक्षेला बसलंच पाहिजे. टर्मची भानगड मात्र तुलाही तीच, ६६ वर निवांत राहू नकोस. बहीण असेल तर तिला सांग, व्यावसायिक कोर्सला २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

पेठेतला परीक्षार्थी
आणि मित्राला प्रॉक्सी, म्हणजे ह्याच्या नावाची खोटी हजेरी लावायला सांगू नका कृपया, बायोमेट्रिक आलंय बऱ्याच ठिकाणी, पकडला गेला तर दोघंही जातात.

धायरीची मावशी
बोलले त्याच्याशी. आधी चिडला, मग गप्प. काम सोडतो म्हणाला पण मेसचे दोन महिने थकलेत ते मी भरतेय. आता नेमकं करायचं काय, कुणाला भेटायचं?

खिडकीच्या आतला
आधी मेंटॉर, मग एचओडी. टर्म संपायला जेवढे आठवडे राहिलेत त्यात प्रॅक्टिकल एकही चुकवायचं नाही, कारण टक्का बघताना प्रॅक्टिकलवाले सरच जास्त ताणतात. मधे खरंच आजारी होता का? असेल तर तेव्हाचे डॉक्टरचे कागद द्या, पण आत्ता मागच्या तारखेचं मेडिकल आणू नका, आम्हाला कळतं. आणि ताईला सांगा हो, पालकांना बोलावलं तर तुमची सही चालेलच असं नाही.
स्वाधारचा हप्ता कुठे अडकलाय ते बघायला विश्रांतवाडीला समाजकल्याणच्या ऑफिसला जा, सामाजिक न्याय भवन, आळंदी रोडला. अर्जाची प्रिंट, बोनाफाईड, आधार आणि पासबुक न्या. आधार बँकेत नीट सीडिंग झालंय का, म्हणजे खात्याला जोडलंय का, तेही बघून घ्या, अर्ध्या पोरांचे पैसे तिथेच लटकलेले असतात.

धायरीची मावशी
सोमवारी हाफ डे टाकून त्याला घेऊनच जाते विश्रांतवाडीला. ताईला आज रात्री फोन करते.