मदत हवी आहे: भाऊ येरवड्याला आहे, जामीन कसा होईल?

रानजाई
कुणीतरी लवकर सांगा. मराठा आरक्षणासाठीच्या ३० जुलै २०१८ च्या बंदमध्ये धाकटा भाऊ मोर्चाला गेला होता. चार दिवसांनी पहाटे घरून नेला, आता येरवड्याला आहे. वकिलांनी १५ हजार घेतले, तारखेला आलेच नाहीत, आता फोन उचलत नाहीत. त्याने काहीही केलेलं नाही. जामिनाला किती दिवस लागतात आणि खर्च किती, एवढंच सांगा.

काळा_कोट
कलमं कोणती लावलीत? जामिनाचा अर्ज एकदा तरी झालाय का?

रानजाई
कलमं बरीच आहेत. भारतीय दंड संहितेची ३०७ (खुनाचा प्रयत्न), ३५३ (सरकारी नोकरावर हल्ला), १४३, १४७, १४९ (बेकायदा जमाव, दंगल), ४३५ (जाळपोळ) आणि सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचं एक. अर्जाचं वकिलांनाच माहीत.

काळा_कोट
ताई, सगळं त्या कलमांवरच अडलंय. ३०७ सत्र न्यायालयात चालतं, त्यामुळे अर्ज तिथेच करा, खालच्या कोर्टात दिवस घालवू नका. आणि १४९ असलं की जमावातल्या एकाने केलेलं सगळ्यांच्या माथी येतं. म्हणून 'काही केलं नाही' एवढ्याने भागत नाही. तो किती वाजता कुठे होता?

दख्खनी
आधी ५८ मूक मोर्चे निघाले. लाखोंनी माणसं आली, कुठे काचसुद्धा फुटली नाही, पोरींनी मागे राहून रस्ते झाडले. ती शिस्त का मोडली? आता भोगतायत गरिबांची पोरं.

सातबारा_कोरा
दोन वर्षं मूक राहून काय मिळालं? २३ जुलैला कायगाव टोक्याला आंदोलनातल्या एका पोराने गोदावरीत उडी घेतली तेव्हा कुठे सरकारला जाग आली. ताईंनी जामीन विचारलाय, शिस्त नाही.

भाऊराव_६०
वकिलावर पैसे घालवू नका. सरकार आंदोलनाचे गुन्हे मागे घेणार आहे. आमच्या वेळच्या रास्ता रोकोचेही असेच गेले.

काळा_कोट
काका, गुन्हा मागे घ्यायचा तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली सरकारी वकील अर्ज करतात आणि कोर्टाची परवानगी लागते. जाळपोळ आणि पोलिसांवरचा हल्ला अशा घोषणांतून बहुधा वगळतात. तोवर पोरगा आतच राहील.

भाऊराव_६०
मी अनुभवाचं सांगितलं. ज्याची त्याची मर्जी.

खटलेवाचक
सुप्रीम कोर्टाचा १९६४ चा मसालती निकाल बघा. मोठ्या जमावाच्या खटल्यात एकाच साक्षीदाराने नाव घेतलं म्हणून शिक्षा देऊ नये, दोन-तीन जणांची साक्ष जुळायला हवी.

काळा_कोट
निकाल चांगला आहे, पण तो शिक्षेच्या वेळचा. जामिनाला तेवढ्याने होत नाही. रानजाई, वेळ?

रानजाई
सकाळपासून मोर्चात होता. दुपारी डोक्यात दगड बसला, तीन टाके पडले. त्यानंतर घरीच होता. मोबाइलवरच्या व्हिडिओत रुमाल दाबून धरलेला दिसतो, त्यावरूनच नेलं. म्हणे दगडफेकीत होता म्हणून लागलं.

काळा_कोट
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! टाके कुठे घातले? केस पेपर आहे? गाड्या पेटल्या त्या आधी की नंतर?

रानजाई
आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे. गाड्या नंतर पेटल्या, आम्ही गच्चीवरून धूर पाहिला, तो माझ्याशेजारी उभा होता. डोक्याला पट्टी, हातात चहाचा कप. केस पेपर कुठे ठेवलाय आठवत नाही.

काळा_कोट
डॉक्टरांकडे नोंदवही असते, आजच जा. तारीख, वेळ, सही-शिक्क्यासकट प्रत घ्या. गल्लीत सीसीटीव्ही असेल तर त्या दुकानदाराला आजच लेखी द्या, जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. आणि वकील बदला. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कोर्टाच्या आवारातच कार्यालय असतं.

दख्खनी
फुकटचा वकील फुकटचंच काम करतो.

ओसरी
असं नसतं. माझ्या दिराला प्राधिकरणाच्याच बाईंनी सोडवलं होतं, दर तारखेला हजर असायच्या. रानजाई, टाके निघाले का?

रानजाई
नाही. सात दिवसांनी काढायचे होते. भेटीत बघितलं, जखमेच्या कडा लाल झाल्यात. आईने पाठवलेली हळद आत घेऊ दिली नाही.

ओसरी
मग त्याचा अर्ज वेगळा द्या. तुरुंगाच्या डॉक्टरांनी तपासून टाके काढावेत असा कोर्ट आदेश देतं. जामिनासाठी थांबू नका, आधी हे.

पुणेरी_पाटी
माझ्या भाच्यावर १४३ आहे, पासपोर्ट मिळेल का?

काळा_कोट
वेगळा धागा काढा. रानजाई, ३०७ असल्याने ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर त्याच प्रक्रिया संहितेच्या कलम १६७(२) खाली जामीन हक्काने मिळतो. कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली ती तारीख लिहून ठेवा, पण त्या भरवशावर बसू नका.

रानजाई
डॉक्टरांकडून आत्ताच आले. नोंदवहीत नाव आहे, १ वाजून २० मिनिटं. प्राधिकरणाच्या मॅडमनी उद्या अकराला बोलावलंय, टाक्यांचा अर्ज आधी देणार आहेत. जामीनदार म्हणून मामा तयार आहेत, सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

ओसरी
मामांचं रेशन कार्ड आणि आधार मूळ न्या. आमच्या वेळी झेरॉक्स दाखवली म्हणून कारकुनाने परत पाठवलं, तोवर शुक्रवार संध्याकाळ झाली होती.