प्रतिसाद: जुन्या सफारीला मागे उंच स्प्रिंग

जुन्या टाटा सफारीची मागची बाजू उंच करायला कोणत्या स्प्रिंग घ्याव्यात, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या जाड तारेच्या स्प्रिंग घेऊ नका, अशी कळकळीची विनंती. बाकी माप तेच ठेवून तार 14 मिमीऐवजी 15 मिमी घेतली, तर स्प्रिंग जवळपास 32 टक्के कडक होते, कारण कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. मग रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला उडते. तुम्ही लिहिलंय तसं कुटुंब आणि थोडं सामान एवढंच वजन असेल, तर मूळ कडकपणाच्या, फक्त लांबी जास्त असलेल्या स्प्रिंग बघा.

माझ्या सफारीला गॅरेजवाल्याने उंच स्प्रिंग टाकल्या, शॉक (धक्के शोषणारे शॉक ॲब्सॉर्बर) मात्र जुनेच ठेवले. गाडी जॅकवर घेतली की ॲक्सल (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) पूर्ण खाली जायच्या आधीच शॉक पूर्ण ताणलेले. म्हणजे चढावर चाक लोंबकळलं की सगळा झटका शॉकच्या माउंटिंगवर. आधी शॉकची लांबी मोजा, ब्रेकचा रबरी होजही ताणला जात नाही ना ते बघा.

आणखी एक. मागचा आडवा रॉड, म्हणजे ॲक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा, तसाच राहिला तर ॲक्सल किंचित एका बाजूला सरकतो. दोन्हीकडे टायर ते चाकाची कमान हे आडवं अंतर मोजलं की कळतं.

पुढे कॉइल स्प्रिंग नाहीत, टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहेत. तिथला बोल्ट आवळून उंची मिळते खरी, पण 4x4 गाडीत पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे (चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्यांचे) कोन बिघडतात, त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटतात. मी पुढे 25 मिमीवरच थांबलो. नंतर चाकांचं अलाइनमेंट लगेच करून घ्या.