प्रति: जपानी गाडी घ्यावी का?

'जपानी गाडी डोळे झाकून घ्यावी' असं इथे कुणीतरी म्हटलंय. ते मत बऱ्याच अंशी पटतं, पण माझदाची आरएक्स-८ ही रोटरी इंजिनाची जुनी स्पोर्ट्स कार घेताना डोळे उघडेच ठेवा.

हिरोशिमात १९२० साली बुचाच्या धंद्यातून सुरू झालेल्या या कंपनीने रोटरी इंजिनाचा, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या इंजिनाचा, ध्यास घेतला. या रोटरच्या टोकांवरची सील (फट बंद ठेवणाऱ्या पट्ट्या) इंजिनाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे काढायची. इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतोंच्या टीमने ॲल्युमिनियममिश्रित कार्बनची सील बनवली, तेव्हा कुठे १९६७ मध्ये कॉस्मो ही रोटरी इंजिनाची गाडी बाजारात आली.

आरएक्स-८ वाल्यांची नेहमीची तक्रार, 'ऑइल पिते'. अहो, पिणारच! सीलना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडं ऑइल आत सोडून जाळतं. पेट्रोलच्या दर दोन टाक्यांमागे डिपस्टिकने (ऑइल मोजायच्या पट्टीने) पातळी बघायचीच. थंड गाडी पार्किंगमध्ये जरा पुढेमागे करून लगेच बंद करू नका. स्पार्क प्लग पेट्रोलने भिजतात आणि मग ती ढिम्म हलत नाही. सेकंडहँड घेताना कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिनात दाब नीट तयार होतो का याची तपासणी) रोटरीच्या खास मीटरवरच करून घ्या. एवढा व्याप नको असेल तर सरळ माझदा ३ बघा, साधं पिस्टन इंजिन आहे.