शब्दचर्चा : रेंज, पल्ला, टप्पा (ग्लायडरचा रिसीव्हर जोखताना)

अजिंक्यतारा

साताऱ्यात आम्ही काही जण रेडिओवर चालणारी मॉडेल ग्लायडर उडवतो. अलीकडे शाळेतली मुलंमुलीही येऊ लागलीत, बहुतेक मराठी माध्यमाची. नवा रिसीव्हर (हातातल्या ट्रान्समीटरचा हुकूम ग्लायडरमध्ये बसून ऐकणारा भाग) ग्लायडरमध्ये कायमचा बसवण्याआधी तो कसा जोखायचा, याचं दोन पानी टिपण त्यांच्यासाठी मराठीत लिहायला घेतलंय.

रिसीव्हर, सर्व्हो (हुकूम पाळून पंखांचे आणि शेपटीचे हलते पृष्ठभाग फिरवणारी छोटी मोटर), बॅटरी, अँटेना हे शब्द आहेत तसेच राहतील. 'ग्राही' असं लिहून पोरांना दुकानात पाठवलं तर दुकानदार त्यांच्या हातावर काय ठेवणार? वस्तूंच्या नावांनी काही अडत नाही. अडतं ते रिसीव्हरचे गुण आणि दुखणी सांगताना, आणि सगळ्यात जास्त 'रेंज' या एका शब्दापाशी.

खर्ड्यातली ही तीन वाक्यं बघा. "या रिसीव्हरची रेंज दीड किलोमीटर आहे." "वळताना क्षणभर रेंज गेली." "ग्लायडर रेंजमध्ये ठेव." तिन्ही वाक्यं आम्ही मैदानावर सर्रास बोलतो, पण प्रत्येकातली रेंज निराळी. पहिलीत यंत्राची कुवत, दुसरीत त्या क्षणी पोचणारा सिग्नल (मोबाइलमुळे हा अर्थ घराघरांत गेला), तिसरीत आकाशातली जागा.

शब्द नेमका हवा, कारण त्यावरून दोष कुठे शोधायचा ते ठरतं. मुलगा येऊन सांगतो, "काका, रेंज गेली." ग्लायडर खरंच लांब गेलं होतं, की शंभर मीटरवर असतानाच अँटेना कार्बनच्या आड आली? हल्लीचे संच चालतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. रिसीव्हरच्या अँटेनाचं उघडं टोक तिच्या पावपट, म्हणजे जेमतेम ३१ मिलिमीटर. कार्बन फायबरमधून वीज वाहते, त्यामुळे कार्बनच्या धडाच्या आत ते टोक राहिलं तर सिग्नल अडतो. टेबलावर उत्तम चाललेला रिसीव्हर मग हवेत ऐकेनासा होतो. खरोखर कुवत कमी असेल तर रिसीव्हर बदलावा लागेल. आडोसा असेल तर दोन्ही अँटेनांची टोकं धडाबाहेर काढून एकमेकांशी काटकोनात बसवली की भागतं. दोन्हीला 'रेंज गेली' म्हटलं की मुलं चांगला रिसीव्हर काढून नवा विकत घेतात.

या तीन अर्थांना तीन शब्द सुचवाल का?

तंबोरा, मिरज

कुवतीला 'पल्ला' घ्या, डोळे झाकून. तोफेचा पल्ला, लांब पल्ल्याची एसटी, हे पोरांनाही ठाऊक आहे. आणि आमच्याकडचा एक वापर तुमच्या रेडिओला फारच जवळचा आहे: पल्लेदार आवाज. माइक नसताना बैठकीच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचतो तो पल्लेदार. पोचणं आणि स्वच्छ राहणं, दोन्ही त्यात आलं. अंतर भरपूर पण शब्द कळत नाहीत, अशा आवाजाला कुणी पल्लेदार म्हणत नाही.

'आवाका' मात्र टाळा. आवाका कामाचा, अभ्यासाचा, खर्चाचा. त्यात अंतर मोजायची सोय नाही.

हरिपूर

सांगलीत 'टप्प्यात आला की कार्यक्रम' हे वाक्य लहान पोरंही म्हणतात. त्यातला टप्पा हाच तुमचा तिसरा अर्थ. टप्पा नेम धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात. सावज टप्प्यात येतं, टप्प्याबाहेर जातं. ट्रान्समीटर हातात धरून खाली उभा राहिलेला माणूस तसाच वर बघत असतो. "ग्लायडर टप्प्यात ठेव" हे वाक्य मला न समजावता समजलं.

दादा, एक बघा, टप्प्याला दुसरीही हद्द असते. दीड-दोन मीटर पंखांचं ग्लायडर आठशे मीटरवर गेलं की ते नाक करून आहे की शेपूट, हे डोळ्यांना कळत नाही. सिग्नल पोचत असतो, पण माणसाला काय हुकूम द्यायचा तेच उमगत नाही. म्हणजे पल्ला शिल्लक आहे, तरी ग्लायडर टप्प्याबाहेर गेलेलं. 'रेंज'मध्ये हा फरक सांगताच येत नाही.

अजिंक्यतारा

हरिपूर, हे मला सुचलं नव्हतं. मुलांना सगळ्यात आधी हेच शिकवावं लागतं, आणि आजवर दहा वाक्यांत सांगावं लागायचं. मग कुवतीला पल्ला, आकाशातल्या जागेला टप्पा, आणि 'रेंज' त्या क्षणीच्या सिग्नलपुरती ठेवू, जशी ती मोबाइलने ठेवलीच आहे.

प्रयोगवही

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वाटणी आवडली, पण एक अडचण सांगते. "या रिसीव्हरचा पल्ला दीड किलोमीटर" हे वाक्य तसं अपुरं आहे. पल्ला ट्रान्समीटर आणि रिसीव्हर या जोडीचा असतो. तोच रिसीव्हर दुबळ्या ट्रान्समीटरबरोबर कमी अंतर काढेल. मग त्यात एकट्या रिसीव्हरचा वाटा किती? त्याला आमच्या पुस्तकांत 'संवेदनक्षमता' म्हणतात. टिपणात मी 'कान' म्हणेन. तिखट कानाचा रिसीव्हर, जड कानाचा रिसीव्हर. किती क्षीण सिग्नल ऐकू येतो, एवढंच त्यातून विचारायचं.

पण नुसता कान तिखट असून भागत नाही. जत्रेत तिखट कानाच्या माणसाला सगळ्यांच्याच हाका ऐकू येतात. त्यातली आपली कुठली, हे ओळखणं हा वेगळा गुण. शेजारच्या चॅनलवरचा जोरदार सिग्नल बाजूला सारून स्वतःचा उचलणं, याला पुस्तकी शब्द 'निवडक्षमता'. तो मला तरी बरा वाटतो, अर्थ स्वतःच सांगतो. रिसीव्हर जोखताना हे दोन गुण वेगळे तपासायचे: एकदा मैदानावर कुणी नसताना, एकदा बाकीचे ट्रान्समीटर चालू असताना. पहिल्यात पास आणि दुसऱ्यात नापास, असे रिसीव्हर असतात.

आता पल्ला तपासण्याबद्दल, कारण मुलं इथेच गोंधळतात. किलोमीटरभर चालत जायची गरज नसते. बऱ्याच ट्रान्समीटरवर तपासणीसाठी ताकद उतरवायची सोय असते. समजा ताकद हजारावा भाग केली. मोकळ्या हवेत पल्ला हजाराच्या वर्गमुळाइतका घटतो, म्हणजे सुमारे ३२ पट. उतरवलेल्या ताकदीवर ३० मीटरपर्यंत नीट चाललं तर पूर्ण ताकदीवर साधारण ९५० मीटर धरता येतील. हे फक्त मोकळ्या हवेचं गणित. जमिनीलगत ते बिघडतं. म्हणून ग्लायडर गवतावर ठेवून तपासू नये, कुणीतरी खांद्याच्या उंचीवर धरावं. आणि धरणाऱ्याने ते सावकाश फिरवावं: नाक ट्रान्समीटरकडे, मग एक पंख, मग शेपूट, मग पोट. चारही बाजूंनी सारखं ऐकू येतं का ते बघायचं. एकाच बाजूला सिग्नल कमी पडत असेल तर कान जड नाही, आडोसा आहे. अजिंक्यतारा म्हणतात तो कार्बनचा घोळ इथे जमिनीवरच सापडतो.

जुनी क्रिस्टल

मी ७२ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे २.४ च्या आधीच्या संचांच्या काळातला. मीटरभर अँटेना मागे लोंबायची, आणि दोघांच्या क्रिस्टलचा (संचाचा चॅनल ठरवणारा सुटा भाग) नंबर सारखाच निघाला तर एकाने खाली बसायचं. त्या काळाची दोन क्रियापदं तुमच्या टिपणात हवीतच.

पहिलं, 'दचकणं'. एफएम रिसीव्हरला सिग्नल कमी पडू लागला की सर्व्हो दचकायचा. एक झटका, परत ठीक, मग पुन्हा झटका. आणखी लांब गेलं की 'थरथर' सुरू. दचकणं एकेकदा, थरथर सलग. दोन वेगळी लक्षणं. हातातल्या स्टिकला हे कळत नाही, पण हवेतलं ग्लायडर चमकल्यासारखं हलतं आणि आपण ओळखतो, मागे वळवायला हवं. रिसीव्हर स्वतःच इशारा द्यायचा.

२.४ चे रिसीव्हर दचकत नाहीत. संदेश आकड्यांत येतो. पूर्ण आला तर पाळतात, खराब आला तर टाकून देतात. त्यामुळे शेवटपर्यंत सगळं लोण्यासारखं चालतं आणि एकाएकी सर्व्हो जागच्या जागी 'थिजतो'. मुलांना वाटतं, दचकत नाही म्हणजे रिसीव्हर चांगला. तसं नाही. दचकणं गेलं, त्याबरोबर इशाराही गेला. आता तो इशारा टेलिमेट्रीत (रिसीव्हरकडून ट्रान्समीटरवर परत येणाऱ्या माहितीत) शोधायचा. माझी विनंती, टिपणात 'दचकणे', 'थरथरणे', 'थिजणे' ही तिन्ही क्रियापदं त्यांच्या लक्षणांसह द्या. जुने संच अजून कुणाकुणाकडे आहेत.

प्रयोगवही

क्रिस्टलकाकांच्या मुद्द्याला जोडून. टेलिमेट्रीत बहुधा दोन आकडे दिसतात, आणि दोन्हीला मुलं 'रेंज'च म्हणतात. एक सिग्नलचा जोर, दुसरा पाठवलेल्या संदेशांपैकी किती धड पोचले. जोर डेसिबलमध्ये असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर ६ डेसिबलने उतरतो, ही हिशेबाची खूण पाठ करून घ्यावी. जोर भरपूर असूनही संदेश गळत असतील तर आसपास गोंगाट आहे. दुसऱ्या आकड्यातल्या तुटीला, म्हणजे न पोचलेल्या संदेशांना, मी 'गळती' म्हणते. गळती वाढू लागली की तोच काकांचा दचका समजायचा.

ऊसमळा

तासगावकडचा आहे. एक दुखणं तुमच्याकडून राहिलं. सर्व्होंनी एकदम जोर लावला की बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं आणि रिसीव्हर बंद पडून परत चालू होतो. याला इंग्रजीत काय म्हणतात ते सोडा. आमच्याकडे मोटर सुरू झाली की घरातली लाइट 'डीम' होते, तसंच हे. "रिसीव्हर डीम झाला" म्हणा, शेतकऱ्याच्या घरातल्या कुठल्याही पोराला कळेल.

याची तपासणी टेबलावरच होते. ग्लायडरमध्ये सहा सर्व्हो असतील (दोन एलेरॉन, दोन फ्लॅप, एलेव्हेटर, रडर), तर सगळे एकदम हलवायचे आणि पृष्ठभाग बोटाने जरा अडवून धरायचे. त्याच वेळी रिसीव्हरच्या रिकाम्या कनेक्टरवर मीटर लावायचा. ४.८ व्होल्टची बॅटरी चार व्होल्टच्या खाली डोकावू लागली तर बॅटरी, स्विच नाहीतर बारीक वायर, तिघांपैकी कुणीतरी चोर आहे. बरेचसे रिसीव्हर साडेतीन व्होल्टच्या आसपास मान टाकतात.

जुनी क्रिस्टल

खरं आहे. आणि याचं नाव वेगळं हवंच, कारण लक्षण हुबेहूब 'थिजण्या'सारखं दिसतं. आमचे एफएम रिसीव्हर व्होल्टेज परत आलं की त्याच क्षणी कामाला लागायचे. सुरुवातीच्या काही २.४ रिसीव्हरांना पुन्हा जागं होऊन ट्रान्समीटर शोधायला काही सेकंद लागत. कड्याजवळ उडणाऱ्या ग्लायडरला तेवढे सेकंद नसतात. लोक मात्र म्हणायचे, "रेंज गेली".

हरिपूर

'बाइंड करणे'ला काय? 'जोडी लावणे' कसं वाटतं? रिसीव्हर त्या एका ट्रान्समीटरची ओळख साठवतो आणि दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.

तंबोरा, मिरज

जोडी लावणे. छान.

अजिंक्यतारा

घेतला. आता 'फेलसेफ'. इथे दोन पर्याय असतात. सिग्नल तुटल्यावर काही रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून बसतात. काही आधी ठरवून ठेवलेल्या स्थितीत सर्व्हो नेतात. ग्लायडरसाठी मी दुसराच लावायला सांगतो: ब्रेक (हवा अडवून वेग कमी करणारे पंखांवरचे पृष्ठभाग) बाहेर, रडर किंचित एका बाजूला, म्हणजे ग्लायडर ऐटीत लांब निघून न जाता घिरट्या घालत जवळपास उतरतं. शेवटचा हुकूम धरला आणि तो नेमका 'सरळ जा' असा असला, तर चांगलं जमलेलं ग्लायडर वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे जाईल.

पहिल्याला 'धरलेला हुकूम', दुसऱ्याला 'ठरलेला हुकूम' असं म्हणतोय. आवाज जवळचे आहेत म्हणून शंका आहे.

प्रयोगवही

जवळचे आहेत, पण लक्षात राहतील. फक्त टिपणात लिहा की ठरलेला हुकूम लावून ठेवला असं मानून चालू नये. जमिनीवर ट्रान्समीटर बंद करून ब्रेक खरंच बाहेर येतात का, ते डोळ्यांनी बघायचं. मोटर असलेलं ग्लायडर असेल तर आधी प्रोपेलर काढून.

कासपठारी

शब्दांबद्दल नाही, जागेबद्दल बोलते. टिपणात 'पठारावर जाऊन तपासा' असं मोघम लिहू नका, साताऱ्यातली मुलं लगेच कासला जातील. खांद्यावर ग्लायडर घेऊन मागेपुढे चालणं तिथल्या फुलांना परवडणारं नाही. गावाजवळचं मोकळं मैदान सुचवा.

अजिंक्यतारा

ताई, बरोबर आहे. 'शाळेचं मैदान किंवा कापणी झालेलं रान' असं लिहितो. पल्ल्याचा परिच्छेद आता असा झालाय:

"आधी जोडी लावा. मग ट्रान्समीटरची ताकद उतरवा. मित्राला ग्लायडर खांद्याच्या उंचीवर धरायला सांगा आणि तीस मोठी पावलं लांब जा. स्टिक सतत हलवत राहा. मित्र ग्लायडर सावकाश सगळ्या बाजूंनी फिरवेल. सर्व्हो दचकतो, थरथरतो की थिजतो, ते त्याने ओरडून सांगावं. गळतीचा आकडा तुम्ही वाचा. एकाच बाजूला रेंज जात असेल तर अँटेनाची जागा बदला. सगळ्या बाजूंनी जात असेल तर पल्ला कमी आहे. असा रिसीव्हर ग्लायडरमध्ये बसवू नका. पल्ला पुरेसा निघाला तरी हवेत टप्पा डोळ्यांनी ठरवा: नाक कुठे आणि शेपूट कुठे हे दिसेनासं होण्याआधी वळा."

प्रयोगवही

चांगलं झालंय. एक भर घाला: मित्राने ग्लायडर कुठे धरायचं. अँटेना जिथून बाहेर येते तिथे हात नको. माणसाच्या अंगात पाणी भरपूर, ते २.४ चा सिग्नल शोषतं. मुठीत अँटेना आली की चांगला रिसीव्हरही जड कानाचा वाटेल. आणि मित्राचं अंग ग्लायडर आणि ट्रान्समीटरच्या मध्ये येऊ नये.

अजिंक्यतारा

"अँटेनापासून हात लांब, स्वतः ट्रान्समीटरच्या उलट बाजूला, ग्लायडरच्या पलीकडे उभे राहा" असं घातलं.