बल्ब मात्र तेवढाच ठेवला

'लक्सो ज्युनिअर' ही पिक्सारची संगणकावर बनवलेली छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म म्हणजे नुसती तांत्रिक चुणूक, त्यात गोष्ट अशी नाहीच, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये डॅलसमध्ये सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत पिक्सारने ती दाखवली. जेमतेम दोन मिनिटं, कॅमेरा जागचा हलत नाही, दोन टेबललॅम्प आणि एक चेंडू, बस्स. तांत्रिक करामत होतीच. दिवे हीच पात्रं आणि उजेडही त्यांचाच, त्यामुळे मान वळली की एकमेकांवर पडणाऱ्या सावल्या सरकतात. पण खेळ संपल्यावर जिम ब्लिन हा ग्राफिक्समधला दिग्गज फिल्मचा दिग्दर्शक जॉन लॅसेटरकडे आला, तेव्हा लॅसेटरला वाटलं, आता सावल्यांच्या गणिताबद्दल विचारणार. ब्लिनने विचारलं, मोठा दिवा आई आहे की बाबा!

आता छोट्या दिव्याकडे नीट बघा. तो मोठ्याची सरसकट लहान केलेली प्रत नाही. दांडे आखूड केलेत, पण स्प्रिंगांची जाडी तीच. टोपी लहान, बल्ब मात्र मोठ्याएवढाच, कारण बल्ब दुकानातून आणतात, तो वाढत नाही. म्हणून ते बाळ वाटतं. कुठल्याही प्रोसेसरने हे सुचवलं नसतं, त्याला चित्रकाराचीच नजर लागते.

आणि चेंडूतली हवा गेल्यावर ते बाळ मान खाली घालतं ना, तिथे मला आजही गलबलतं. चेहरा नाही, डोळे नाहीत, फक्त वाकलेली मान.