लिव्हरच्या पेशंटला दुखण्याची गोळी कोणती?

कृष्णाकाठची_लेक:
बाबांना सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर कायमचं घट्ट, खराब झालंय, पोटात पाणीही झालंय. कंबर धरली म्हणून मेडिकलमध्ये गेले. "लिव्हर खराब आहे ना? मग पॅरासिटामॉल नको," म्हणत तिथं डायक्लोफिनॅक दिली. चार दिवसांत लघवी कमी, पायांवर सूज, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची खूण) वाढलेलं. आठवडाभर ॲडमिट होते. सिरॉसिसमध्ये किडनीचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच, रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवणाऱ्या द्रव्याच्या आधारावर कसाबसा टिकून असतो आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नेमका तोच आधार काढून घेतात, हे तेव्हा कळलं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव व्हायची भीती वेगळीच. पॅरासिटामॉल मात्र दिवसाला २ ग्रॅमपर्यंत चाललं असतं! चिठ्ठीशिवाय अशी गोळी कुणालाच मिळता कामा नये.

औषधवाला:
ताई, वाचून वाईट वाटलं. डायक्लोफिनॅक शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत आहे, चिठ्ठीशिवाय देणं चूकच. पण पेशंट आजार सांगतच नाहीत, नुसतं "कंबरेची गोळी द्या" म्हणतात. आणि डिस्चार्ज कार्डावर घ्यायची दहा औषधं असतात, टाळायची एकही नसते. ती ओळ कोणी लिहायची?

सहा_वर्षं_दारूविना:
"२ ग्रॅम चालतं" हे असं सरसकट सांगू नका. रोज पिणाऱ्याच्या, नीट न जेवणाऱ्याच्या लिव्हरमध्ये ग्लुटाथिऑनचा, म्हणजे पॅरासिटामॉलपासून बनणारं विष निवळवणाऱ्या द्रव्याचा साठा आधीच कमी असतो, म्हणून त्याला कमी डोसही बाधू शकतो. शिवाय तापाची ६५०, सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी, तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. माणूस तीन वेगळी औषधं समजून घेतो. मीही घ्यायचो.

रात्रपाळी_डॉक्टर:
हा मुद्दा रास्त आहे. ६५०च्या तीन गोळ्या म्हणजे १९५० मिलिग्रॅम, सर्दीच्या गोळीतलं धरून तेवढ्यावर थांबायचं. दारू चालू असेल किंवा माणूस खंगलेला असेल तर त्याहून कमी, तेही विचारूनच. पण म्हणून पॅरासिटामॉलला घाबरून ट्रामाडॉल किंवा झोपेची गोळी दिली तर बद्धकोष्ठ, गुंगी आणि मग भ्रम. असे पेशंट मी पाहते. आणि लेकीच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. चिठ्ठी असली म्हणजे झालं असं नाही. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आम्ही डॉक्टरही लिव्हरचं न विचारता लिहितो.

कृष्णाकाठची_लेक:
डॉक्टर, हे मान्य. बाबांच्या फाइलवर टाळायच्या औषधांची यादी आता लाल पेनानं लिहून घेतली आहे. पण औषधवाले दादा, बाबांनी आजार सांगितला होता. तो ऐकूनच ती गोळी दिली गेली.