मदत हवी आहे: एफएमवरच्या अश्लील विनोदांची तक्रार कुठे करायची?

सकाळी कोथरूडहून शाळेची व्हॅन सुटली की व्हॅनकाकांचा एफएम सुरू. निवेदक फोनवर कुणाची तरी फिरकी घेतो, आणि निम्मे विनोद द्वयर्थी. परवा चौथीतल्या लेकीनं त्यातला एक आजीसमोर ऐकवला!

टीव्हीचं ठाऊक आहे: २०२१ च्या नियमांनुसार आधी वाहिनीकडे तक्रार, १५ दिवसांत निर्णय, मग वाहिन्यांचीच स्वनियमन संस्था, शेवटी केंद्र सरकार. खासगी एफएमला आकाशवाणीची संहिता (काय प्रसारित करावं, काय नाही याचे नियम) पाळावी लागते म्हणे; पण दाद कुणाकडे मागायची? जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज घेतात का, की थेट माहिती व प्रसारण मंत्रालयाला लिहू? रेकॉर्डिंग नाही, तारीख-वेळ टिपून ठेवलीय. तेवढं पुरेल? अमेरिकेनं २००६ मध्ये अश्लील प्रसारणावरच्या दंडाची कमाल मर्यादा सव्वातीन लाख डॉलर केली. माझं तेवढंही मागणं नाही, निदान सकाळचे हे चाळे थांबावेत. कुणी अशी तक्रार तडीस नेली असेल तर प्लीज सांगा.